आखाजीच्या उन्हात बंद पडलेला कॅमेरा

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळ नाही, रोज संध्याकाळी दुकानात चहाला जमणाऱ्या मित्रांजवळ तर नाहीच नाही. तुमच्याजवळ बोलतोय, कारण पुढच्या आठवड्यात आखाजी आहे — आमच्या खानदेशातली अक्षय्य तृतीया — आणि त्याआधी हे एकदा सलग, न अडखळता माझ्या तोंडून बाहेर पडायला हवं. अडखळेन. पण मध्येच सोडून देणार नाही, एवढं ठरवूनच बसलोय.

जळगावात माझं कॅमेऱ्यांचं दुकान आहे. विकतो, भाड्याने देतो. लग्नं शूट करतो, लाइव्ह दाखवतो, मागाहून क्लिपा कापून विकतो. आमच्याकडची निम्मी नातीगोती सुरतला. सुट्टी मिळत नाही, मग ते मोबाइलवर लग्न लावतात. त्यामुळे माझा धंदा बरा चालतो. आणि कोणता कॅमेरा घ्यावा हे विचारायला जळगाव, धुळे, पार सावद्याहून माणसं माझ्याकडे येतात. मी आधी त्यांना विचारतो — शूट कुठे करणार? सावलीत की उन्हात? किती वेळ सलग? माणूस भाव विचारायला आलेला असतो आणि मी त्याची उलटतपासणी घेतो. मित्र चिडवतात, हा कॅमेरा विकतो की मुलगी देतो?

हे सगळे प्रश्न मी एका माणसाला विचारले नाहीत. नाही, खोटं बोललो. त्या बाईने मी न विचारताच उत्तरं दिली होती, आणि मी ती ऐकून घेतली होती.

सिंधूअक्का. धुळ्याजवळच्या फागण्याच्या. माझ्या आईच्या माहेरच्या, म्हणून मी त्यांना अक्का म्हणतो आणि त्या मला भाऊ. वयाने माझ्यापेक्षा बऱ्याच मोठ्या, पण आवाज असा की शेजारच्या गल्लीतला माणूस हातातलं काम सोडून उभा राहील. आखाजीला आमच्याकडे लेकी माहेरी येतात, निंबाला झोके बांधतात, गौराईची गाणी म्हणतात. अक्कांची रीत अशी की गाण्यात त्या त्या लेकीचं नाव गुंफायचं. नाव, तिच्या सासरचं गाव, तिची एखादी खोड. जी लेक येऊ शकली नाही तिचं नाव आधी घ्यायचं. मी लहान होतो तेव्हापासून त्या हेच करत आल्यात.

मग मोबाइल आला आणि अक्कांनी कुणालाही न विचारता लाइव्ह जायला शिकून घेतलं. कुणी शिकवलं? कुणीच नाही. बटणं दाबून बघितली, चुकल्या, पुन्हा दाबली. मोबाइल पाण्याच्या माठाला टेकवून ठेवायच्या आणि गायला लागायच्या. चित्र थरथरायचं, मध्येच कोंबडी यायची. आणि तरी बघणारे माझ्यापेक्षा जास्त असायचे! मी तीन दिवे लावून, गायिकेला नऊवारी नेसवून अहिराणी गाण्यांचं चॅनल चालवत होतो — आणि लोक माठाला टेकवलेला मोबाइल बघत होते. माझ्या पोटात दुखायला लागलं ते तेव्हापासून. याला दुसरा शब्द नाही.

सुरतच्या बायका त्यांना सांगायच्या, अक्का, माझ्या नावाचं तेवढं कापून पाठवा, आम्ही विकत घेतो. अक्कांनी तेही सुरू केलं. मी त्यांना म्हटलं, माझ्या चॅनलवर गा, बाकीचं मी बघतो. त्या हसल्या. वाईट हसल्या नाहीत, अगदी लाडाने हसल्या — आणि नाही म्हणाल्या. त्यांना स्वतःचं करायचं होतं. नाही म्हणण्याचा हक्क होता त्यांना, हे मला आजच कळलं का? नाही हो. तेव्हाही कळत होतं.

त्या वर्षी आखाजीच्या आधी त्या एसटीने जळगावला आल्या. धुळ्यात दुकानं नाहीत का? आहेत. पण घरचा माणूस फसवणार नाही म्हणून पारोळा, एरंडोल ओलांडून माझ्याकडे आल्या. त्यांची मुलगी वैशाली सुरतला, पहिलटकरीण, डॉक्टरांनी अंथरुणावरून उठायचं नाही म्हणून सांगितलेलं. ती येणार नव्हती. तिच्यासाठी आणि तिच्यासारख्या सगळ्यांसाठी अक्कांना आखाजीचा अख्खा दिवस लाइव्ह दाखवायचा होता. निंबाखाली अंगणात, सकाळपासून ऊन उतरेपर्यंत. हे सगळं त्यांनी मला सांगितलं. खुर्चीवर बसून, पदराने घाम पुसत, एकेक सांगितलं.

"माले काय समजस, भाऊ? तूच सांग, कोनता कॅमेरा लेवाना. तू सांगशी तोच."

आता ऐका. माझ्या कपाटात एक फोटोचा कॅमेरा होता, छोटा, देखणा, व्हिडिओही घेणारा. चित्र असं काढायचा की बघत राहावं. पण तो आतून तापायचा. हिवाळ्यात ठीक, हॉलमध्ये एसीत ठीक. मेच्या उन्हात सलग चालवला की काही वेळाने आपला आपण बंद व्हायचा. मला हे ऐकून माहीत नव्हतं — माझ्या अंगावर आलेलं होतं. सावद्याच्या एका लग्नात ऐन अंतरपाटाच्या वेळी त्याने डोळे मिटले होते आणि नवरीच्या मामाने मांडवात माझी शोभा केली होती. त्याच्या शेजारच्या फळीवर साधा, जाडजूड व्हिडिओ कॅमेरा होता. दिसायला डबा. पण तो दिवसभर उन्हात उभा केला तरी हूं की चूं करत नाही. किमतीत फारसा फरक नव्हता.

मी तो देखणा काढून अक्कांच्या हातात दिला.

का? तुम्ही विचाराल. मी स्वतःला अनेक कारणं सांगून बघितली आहेत. पडून असलेला माल जाईल, असं वाटलं. त्यांना चित्र चांगलं मिळेल, असं वाटलं. थापा आहेत सगळ्या. मला त्या बाईला तोंडघशी पडलेलं बघायचं होतं. भर आखाजीला, लोकांसमोर. निदान सावलीत ठेवा, छत्री धरा, मधूनमधून विसावा द्या, एवढं तरी सांगता आलं असतं. तेही मी सांगितलं नाही. कॅमेरा पिशवीत घालून दिला, वर चहा पाजला, स्टँडवर जाऊन बसमध्ये बसवून दिलं.

आखाजीच्या दिवशी मी जळगावजवळच्या असोद्यात होतो. माझंही लाइव्ह होतं, माझ्या गायिकांचं. कडेला सावलीत पुरुष मंडळी पत्ते कुटत बसलेली, मी कॅमेऱ्यामागे आणि माझ्या हातात मोबाइल — त्यावर फागणं. किती सुंदर दिसत होतं ते! झोक्याच्या दोऱ्या, नव्या बांगड्या, अक्कांचा घामेजलेला चेहरा. एकेक नाव येत होतं. खाली सुरतहून, नाशिकहून पोरी लिहीत होत्या — आता माझं, अक्का, आता माझं. वैशालीचं नाव अजून आलेलं नव्हतं. स्वतःच्या लेकीचं त्यांनी मागे ठेवलं होतं, आधी दुसऱ्यांच्या लेकी.

आणि भर दुपारी चित्र थिजलं. मग काळं झालं.

मला आनंद झाला. झालं तसंच सांगतो — आनंद झाला. खाली लोक विचारत होते, काय झालं, अक्का कुठे गेल्या, आणि हळूहळू त्यातले बरेचसे माझ्या लाइव्हवर आले. मी ते येताना बघत होतो.

अक्कांचा फोन आला. मी वाजू दिला. पुन्हा आला, तेव्हा घेतला. मागे बायकांचा गलका, कुणाचं तरी मूल रडत होतं.

"भाऊ, हाऊ बंद पडी गया रे. बठ्ठ्या पोरी वाट दखी राह्यन्यात. काय करू?"

सगळ्या पोरी वाट बघत होत्या, आणि काय करायचं ते एका वाक्याचं काम होतं. सावलीत न्या, थोडा वेळ गार होऊ द्या, पुन्हा सुरू करा. बस. वैशालीला तिचं नाव ऐकायला मिळालं असतं. मी काय म्हणालो माहीत आहे? म्हणालो, अक्का, तुम्ही कुठलं तरी बटण चुकीचं दाबलं असणार. आता हात लावू नका, नाजूक वस्तू आहे, आणखी बिघडेल.

त्या अगदी लहान आवाजात म्हणाल्या, "मन्हीच चूक व्हयनी मंग."

चूक तुमची नाही, असं मी म्हणालो नाही.

त्या दिवशी त्यांनी मोबाइलही परत माठाला टेकवला नाही, हे मला मागाहून कळलं. जी बाई न घाबरता बटणं दाबून शिकली होती, ती घाबरली. वैशाली सुरतला संध्याकाळपर्यंत मोबाइल धरून पडून होती. गावातल्या बायकांनी थट्टा केली — अक्कानं मशीन बिघाडं. थट्टाच ती, पण दरवर्षी झोके बांधले की होते, आणि अक्का स्वतःही तीत सामील होतात.

पुढचं सांगतो, ते याहून वाईट आहे. अक्का तो कॅमेरा नव्या टॉवेलात गुंडाळून माझ्याकडे घेऊन आल्या. दुरुस्त होईल का, विचारायला. त्यात दुरुस्त करायचं काहीच नव्हतं. मी तो दोन दिवस ठेवून घेतला, चेहरा गंभीर केला आणि त्यांचे सगळे पैसे परत दिले. अक्कांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी फागण्यात घरोघर सांगितलं की भाऊ फार मोठ्या मनाचा, माझ्या हातून बिघडलं तरी एक शब्द बोलला नाही. आमचं कुणी लग्नात भेटलं की अजून ते सांगतं. मी मान खाली घालतो, लोकांना तो विनय वाटतो. तो कॅमेरा मी पुढे हिवाळ्यातल्या लग्नांत वापरला. छान चालला.

आणि अक्का माझ्या चॅनलवर गायला लागल्या. स्वतःहून आल्या. तीन दिवे, मागे पडदा, आणि कोपऱ्यात माझ्या दुकानाचं नाव. लेकींची नावं त्या अजूनही गुंफतात, मी ती कापून विकतो. वाटा देतो, वेळेवर देतो. पण काय कापायचं, कुणाला द्यायचं, कधी लाइव्ह जायचं — सगळं मी ठरवतो. त्या माइकलाही स्वतः हात लावत नाहीत. हात मागे बांधून उभ्या राहतात आणि म्हणतात, तू लाव रे भाऊ, माले नही जमत. इतकी वर्षं मी तो माइक त्यांच्या पदराला लावत आलोय. काय वाटतं तेव्हा? सुरुवातीला वाटायचं. मग सवय झाली, आणि सवय झाली हेही मला इथे सांगायचं आहे.

गेल्या आठवड्यात वैशाली दुकानात आली. बरोबर तिची मुलगी, तेव्हा पोटात होती तीच. वैशालीला आईसाठी कॅमेरा घ्यायचा आहे. यंदा आईने पुन्हा अंगणातून गावं, स्वतःच्या नावाने, असं तिने घेतलंय मनावर. वैशाली सगळं वाचून, बघून आली होती. तसल्याच एका नव्या, देखण्या कॅमेऱ्याकडे बोट करून म्हणाली, "मामा, हे उन्हात तापून बंद पडतात ना?" मी हो म्हणालो. मग तिने विचारलं, "आईचा तेव्हाचा कोणता होता?"

तो माझ्या मागच्याच फळीवर होता. मी म्हणालो, आठवत नाही.

बघा. इतकी वर्षं झाली, मी दोन पोरांचा बाप, चार माणसांत मान असलेला, आणि मला पुन्हा खोटं बोलायला श्वास घ्यायलाही थांबावं लागलं नाही. तिने तो साधा, जाडजूड घेतला. म्हणाली, मीच चालवीन, आई हात लावणार नाही. ती गेल्यावर मी शटर अर्धं ओढून बसून राहिलो. तेव्हा ठरवलं.

आखाजीच्या आदल्या संध्याकाळी मी फागण्याला जाणार आहे. बायका निंबाखाली जमतात तेव्हा. अक्कांना आत बोलावून, कानात, एकट्यांना सांगण्याचा विचार आला होता. तो मी काढून टाकला. थट्टा चारचौघींत झाली, तर हेही चारचौघींतच झालं पाहिजे. कॅमेरा तापतो हे मला माहीत होतं, तो मी तुम्हाला मुद्दाम दिला, आणि फोनवर मुद्दाम खोटं बोललो — एवढी तीन वाक्यं. बायकोला निघण्याआधी सांगेन. मोबाइल खिशात बंद राहील. याची क्लिप निघणार नाही.

चॅनलही त्यांच्या नावावर करून ठेवलंय. ते चालवायचं, मोडायचं, की माझं नाव घेऊन त्यावर काही सांगायचं, ते अक्का ठरवतील. त्या गायल्या तर वैशालीच्या कॅमेऱ्यात गातील, मी तिथे नसेन. आणि नाही म्हणाल्या, तर आखाजीला चॅनल काळं राहील. सुरतच्या पोरी खाली लिहितील, अक्का कुठे गेल्या, काय झालं. तेव्हा उत्तर मी लिहीन, माझ्या नावाने, आणि जे झालं तेच लिहीन.