हौदातला मत्स्यसरडा

सारसोळ्याच्या पंढरी भोईरांना गावात कोणी मूर्तिकार म्हणत नसे. मूर्तिकार म्हणजे पेणचे. पंढरीकाका आपले ‘गणपतीवाले’. वर्षातले चार महिने ते गणपतीवाले असत आणि उरलेले आठ महिने काहीच नसत, म्हणजे खाडीवर चिंबोऱ्या धरत, तीन भाडेकरूंच्या तीनशे तक्रारी ऐकत आणि पत्नी गोजराबाई मासळी विकून परतल्या की त्यांच्या डोक्यावरची पाटी उतरवून घेत. वडिलांचं मिठागर नव्या शहरात गेलं होतं. त्याच्या नेमक्या कुठल्या कोपऱ्यावर आता कुठली सोसायटी उभी आहे, हे काका येणाऱ्याजाणाऱ्याला बोट दाखवून सांगत, कोणी विचारलेलं नसलं तरी.

अभिमान त्यांना एकाच गोष्टीचा होता. त्यांचा गणपती विरघळायचा. आजूबाजूला प्लास्टरचे चकचकीत गणपती येऊ लागले होते, पण काका शाडूच्या मातीला चिकटून होते. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी ओहोटीला ते जेट्टीखाली उतरून चिखलात पाहणी करत. दुसऱ्यांचे मुकुट, हात, अर्धे उंदीर इकडेतिकडे पडलेले असत. आपल्या मूर्तीचा एक कानसुद्धा दिसला नाही की काका खूश होऊन घरी येत आणि दोन भाकऱ्या जास्त खात. एका वर्षी स्वतःच्या हातची एक सोंड सापडली, तर आठ दिवस ते कोणाशी धड बोलले नाहीत.

अशा माणसाकडे १९९४च्या मार्चमध्ये नमिता आली. नमिता शेजारच्या घरातली, गावातली पहिली बीएस्सी बीएड, नेरूळच्या एका शाळेत विज्ञान शिकवायची. गल्लीत काका तिला ‘नमे’ म्हणून हाक मारत आणि शाळेचं काही काम निघालं की ‘बाई’ म्हणत. कधीकधी एकाच वाक्यात दोन्ही होई, पण त्याचं कोणाला काही वाटत नसे.

तिने ओट्यावर एक झेरॉक्स ठेवली. चित्रात लांब चोचीचा, भल्यामोठ्या डोळ्यांचा एक मासा होता.

“काका, हा मासा नाय. मत्स्यसरडा. इक्थिओसॉर म्हनतात. कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्रात राहायचा, आता एकपन उरला नाय. शाळेच्या फाटकाजवल हौद बांधतायत, त्याच्यात असा एक पायजे. नऊ फुटांचा. पन खराखुरा वाटला पायजे, कार्टूनसारखा नको.”

काकांनी चित्र उलटंसुलटं करून पाहिलं आणि चाळीस वर्षं प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारत आलेला प्रश्न सवयीने विचारला. “किती दिवसांचा?”

गणपती दीड दिवसाचा असतो, पाच दिवसांचा असतो, दहा दिवसांचा असतो. नमिताला हसू आलं. “कायमचा, काका.”

पंढरीकाकांचं वय चोपन्न, हातून दोनेक हजार मूर्ती झालेल्या, आणि आज कोणाला दाखवायची म्हटली तर जगात एकही नाही. हे त्यांना आजवर खटकलं नव्हतं, खटकायचं कारणही नव्हतं. पण ‘कायमचा’ हा शब्द कानावर पडला आणि तहान लागावी तसं त्यांना वाटू लागलं, की आपल्या हातचं एक तरी काम मागे राहावं. आपण गेल्यावरही कोणीतरी बोट दाखवून म्हणावं, हे पंढरीनं केलेलं. त्या आनंदात हौदाची गोष्ट त्यांच्या डोक्यातून साफ पुसली गेली. आणि खरं सांगायचं तर पाण्याचं नाव ऐकून दचकावं असं त्यांच्यासाठी त्यात काही नव्हतंच. त्यांच्या हातचं सगळंच शेवटी पाण्यात जात होतं.

दुसऱ्याच दिवशी घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये बांबू आणि पेंढ्याचा सांगाडा उभा राहिला. काथ्या घालून शाडू मळली गेली. मे महिना उजाडेपर्यंत शेडमध्ये ओल्या गोणपाटाखाली एक भलं मोठं जनावर लोळत पडलेलं दिसू लागलं. गोजराबाईंचा जन्म माशांत गेलेला, त्यामुळे टीका करणारं माणूस घरातच हजर होतं.

“याला कल्ले कुठं हायत?” त्यांनी विचारलं.

“चित्रात नाय दाखवलं.”

“मंग चित्र काढनारा इसरला असंल. बिनकल्ल्याचा मासा जगंल कसा?”

काकांना ते पटलं. परक्या माणसाची चूक परस्पर सुधारावी म्हणून त्यांनी दोन्ही बाजूंना सुबक कल्ले कोरले आणि आतून लाल रंगही देऊन टाकला, ताजा दिसावा म्हणून. नमिताने येऊन ते पाहिलं आणि कपाळाला हात लावला. हा सरडा आहे, तो नाकाने हवा घेतो, श्वासासाठी वर यावं लागतं त्याला, डॉल्फिनसारखं, असं तिने दोघांनाही शिकवलं. काकांनी कल्ले बुजवले आणि डोळ्यांच्या पुढे दोन नाकपुड्या कोरल्या. गोजराबाई म्हणाल्या, “म्हंजे रोज वर तोंड काढून जगायचा. आपल्यासारकाच की मंग.”

मग डोळे. डोळे शेवटी, सकाळी अंघोळ करून, कोणाशी न बोलता उघडायचे, ही रीत काकांनी सरड्यालाही सोडली नाही. पण चाळीस वर्षं ज्या हाताने एकाच जातीचे डोळे काढले, तो हात ऐनवेळी आपल्याच वळणावर गेला. नमिता समोर उभी राहिली, डावीकडे सरकली, उजवीकडे सरकली.

“काका, हा आशीर्वाद देतोय.”

काकांनी ते डोळे खरवडले. दुसरे काढले, तेही प्रेमळ निघाले. तिसरे काढले, त्यांत तर करुणा होती. शेवटी त्यांनी खाडीतून एक जिवंत बोय मासळी बादलीत आणून ठेवली आणि दोन दिवस तिच्यासमोर उकिडवे बसून राहिले. तिसऱ्या दिवशी जे डोळे निघाले ते काही देत नव्हते आणि काही मागतही नव्हते, नुसते बघत होते. गोजराबाई पदर सावरून शेडमध्ये शिरल्या आणि दोन पावलं मागे सरल्या. काकांना इतका आनंद आयुष्यात क्वचितच झाला असेल.

जेमतेम तास-दीड तास टिकला तो. त्याच दुपारी हौद बांधणारा गवंडी जोतीराम चौथऱ्याचं माप घ्यायला आला. हा साताऱ्याकडचा, राहायला कामोठ्याला, कामाला चोख आणि बोलायला सडेतोड. त्याने टेप लावला, जनावराच्या पोटावरून हात फिरवला आणि बोटाला लागलेलं पाहिलं.

“काका, ही माती हाय व्हय?”

“अस्सल शाडू हाय,” काका अभिमानाने म्हणाले. “पान्यात ठेवली की दोन तासांत इरघलतं. नावाला उरनार नाय.”

आणि मग त्यांनी स्वतःचं बोलणं स्वतः ऐकलं.

जोतीरामाने टेप गुंडाळून खिशात टाकला आणि समंजसपणे दुसरीकडे पाहिलं. त्या दिवशी काका जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी नमिताकडे जाऊन म्हणाले, “बाई, तू मुंबईच्या फायबरवाल्यांना सांग. मना फकस्त पान्यात बुरनारं काम येतं.” त्यांना वाईट वाटत होतं ते झालेल्या चुकीचं नाही; कायमचं असं काहीतरी आपल्या दारापर्यंत आलं होतं आणि आपल्याच हातांनी आपण ते परत पाठवतोय, याचं.

मातीचा सरडा हा नुसता नमुना, असं नमिता आजवर धरून चालली होती. तिने मुंबईला काही कळवलं नाही. तिने जोतीरामाला गाठलं. रविवारी सकाळी जोतीराम शेडच्या दारात उभा, एका खांद्यावर सळ्या, दुसऱ्या खांद्यावर कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीची गुंडाळी.

“सिमीट माझं, आकार तुमचा,” तो म्हणाला.

आणि त्या दोघांचे खटके सुरू झाले. शाडू म्हणजे घरातलं माणूस, सकाळचं काम संध्याकाळी सुधारावं, नाही जमलं तर उद्या. सिमेंट कोणासाठी थांबत नव्हतं. काका जबड्याची कड पाहत दोन पावलं मागे सरून विचार करत उभे राहिले, की तेवढ्यात जबडा दगड व्हायचा. जोतीरामाची अडचण वेगळी. आयुष्यभर भिंती सरळ केलेला गडी. जिथे फुगवटा दिसेल तिथे त्याची थापी आपोआप फिरायची. एकदा तर त्याने मत्स्यसरड्याच्या नाकाला ओळंबा लावला.

“आरं, यो जनावर हाय, बाथरूम नाय,” काका म्हणाले.

“बाथरूम असतं तर कवाच झालं असतं.”

मातीचं जनावर शेजारीच पडलेलं होतं. त्याच्याकडे बघत बघत जाळीवर थर चढत गेले. शेपटी दोनदा गळून पडली. तिसऱ्यांदा राहिली. जूनच्या शेवटी सिमेंटचा मत्स्यसरडा पुरा झाला, तोच जबडा, तेच बघणारे डोळे. आता मातीच्या सरड्याचं करायचं काय? काकांनी तो फोडून भिजत घातला. त्या मातीचे त्या वर्षी तेवीस गणपती झाले, आणि ज्यांच्या घरी ते बसले त्यांना हे कोणी सांगितलं नाही.

जाताना जोतीराम म्हणाला, “आता सात दिवस पाणी मारायचं. सकाळ-संध्याकाळ.”

“पानी?” काकांना वाटलं तो थट्टा करतोय. “याच्यावर? आपल्या हातानं?”

“जेवढं पाणी पील तेवढं घट्ट हुतंय.”

काका बादली घेऊन सरड्यासमोर उभे राहिले. हातातला तांब्या भरलेला होता आणि हात पुढे जात नव्हता. पाणी लागलं की काम संपलं, एवढंच त्यांच्या हाताला ठाऊक होतं. गोजराबाईंनी थोडा वेळ ही गंमत पाहिली, मग तांब्या ओढून घेतला आणि सरड्याच्या डोक्यावर उपडा केला.

“पोर जल्मलं तं आंघोल घालावीच लागते,” त्या म्हणाल्या.

पाणी चोचीवरून ओघळलं. काका खाली वाकून ते निरखत होते. थेंब स्वच्छ होता. त्यांनी दुसरा तांब्या स्वतः घातला.

पंधरा ऑगस्टला झेंडावंदनानंतर हौदात पाणी सोडलं. पाहुण्यांच्या भाषणात काकांचं नाव आलं, टाळ्याही झाल्या. काकांनी त्यातलं काही ऐकलं नाही. ते हौदाच्या कडेशी बसून पाणी गढूळ होतंय का ते बघत होते. मग गणपतीचा हंगाम आला आणि त्यांना मान वर करायला सवड मिळाली नाही.

अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी, काका नेहमीप्रमाणे ओहोटीला जेट्टीखाली उतरले. काही उरलं नव्हतं. सगळे गणपती गेले होते, त्यांत ते तेवीसही गेले होते. एरवी ते इथून घरी जात. आज चिखलाच्या पायांनी ते थेट शाळेत गेले.

मत्स्यसरडा हौदात होता. महिनाभर पाण्यात राहून अंगावर हिरवट झाक आली होती आणि त्यामुळे तो जास्तच खरा वाटत होता. काकांनी बाही वर सारून पाण्यात हात घातला आणि पोटाखालून फिरवला. टणक होता. बोटाला काही लागलं नाही. काकांचे डोळे भरून आले. त्यांनी ते लपवले नाहीत, वॉचमनलाच म्हणाले, “मीच केलेला हाय यो.”

दहा मिनिटं ते असे सुखात होते. मग त्यांचं लक्ष सरड्याच्या वल्ह्यासारख्या पायांकडे, त्यातल्या पुढच्या डाव्या वल्ह्याकडे गेलं. उजव्या वल्ह्यापेक्षा ते दोन बोटं आखूड होतं.

दुसऱ्या दिवशी काका पुन्हा फाटकाशी हजर. हातात जोतीरामाची थापी, पिशवीत जाळीचा तुकडा आणि दोन किलो सिमेंट. वॉचमन आत सोडेना, काका हलेनात. शेवटी नमिता वर्ग सोडून बाहेर आली. काकांनी वल्हं दाखवलं. तिला दोनदा पाहिल्यावर फरक दिसला.

“काका, कोनाच्या ध्यानात येतंय? पोरं खूश हायत, मोठ्या बाई खूश हायत.”

“मना दिसतंय.”

“गनपतीत कदी असं दोन बोटांसाठी अडून बसला नाय तुमी.”

“गनपतीत चूक राहिली तं बाप्पा आपल्यासोबत घेऊन जायचा, नमे.” काका हौदाकडे बघत म्हणाले. “यो नेनार नाय. यो आता इथंच राहनार हाय.”

नमिताने वॉचमनला हौदाचं बूच काढायला सांगितलं.