समोरच्याची खुर्ची

अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ चुकेल, माफ करा. चौथीनंतर माझी शाळा सुटली. पण बेनबद्दल, म्हणजे माझ्या गुजराती मालकीणबाईंबद्दल, सगळे चांगलंच बोलतात, म्हणून लिहिते.

"समोरचा काय म्हणेल, ते आधी सांग." हे बेनचं ठरलेलं वाक्य. म्हणताना पेनाचं टोपण टेबलावर आपटायच्या. सुभानपुऱ्यात त्या घरीच मुलांना वादविवाद शिकवत. मी त्यांच्याकडे स्वयंपाकाला होते. हॉलमध्ये एक वेताची खुर्ची वेगळी ठेवलेली, समोरच्याची. तिच्यात बसून आपल्या मताच्या उलट बोलायचं. बसणाऱ्याला कोणी मध्येच तोडायचं नाही.

मला मात्र आल्याबरोबर मोबाईल फ्रिजवरच्या डब्यात टाकावा लागे. "तुम्हा लोकांचं कामात लक्ष राहत नाही," म्हणत झाकण त्या स्वतः लावत. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील.

एकदा विषय होता, वर्गात मोबाईल नको. खुर्चीतली मुलगी म्हणाली, "काही जण म्हणतील, कोणी आजारी पडलं तर घरी कळणार कसं?"

"शाबास. 'काही जण म्हणतील' आलं की ओळखायचं, हा विरुद्ध बाजूचा मुद्दा."

तेवढ्यात डबा वाजू लागला. मी हात पुसले.

"वाजू दे गं. आधी पोळ्या."

तो पुन्हा पुन्हा वाजला. पोळ्या संपल्यावर उघडला, तर माझ्या मुलीच्या शाळेचे फोन. तिला दम्याचा झटका आला होता. शेवटी शेजारणीनं तिला दवाखान्यात नेलं. मी पोचले तेव्हा मास्क बाजूला करून ती म्हणाली, "आई, फोन का नाही उचललास?"

दुसऱ्या दिवशी वर्ग भरलेला असताना मी त्या खुर्चीत जाऊन बसले. "बेन, काही जण म्हणतील, की पोरगी..."

"ऊठ आधी. ती मुलांची खुर्ची आहे."

कोणीतरी फिसकन हसलं. मी उठले, ती थेट घरी आले.

गेल्या महिन्यात बेन वारल्या. मी बेसण्याला, म्हणजे शोकसभेला गेले, दारापाशीच उभी राहिले. त्याच वेताच्या खुर्चीत त्यांचा हार घातलेला फोटो ठेवला होता. एक जुना विद्यार्थी डोळे पुसत म्हणाला, "बेननं आम्हाला समोरच्याचं ऐकायला शिकवलं."

काही जण म्हणतील, बेन चांगल्या होत्या. त्यांनी मला शिळं कधी दिलं नाही, हे खरं आहे. विरुद्ध बाजूचा मुद्दा मी लिहिला. माझं मत त्यानं बदललं नाही.

फोटोला नमस्कार न करता मी चपला घातल्या.