शोधणाऱ्याचा रकाना

बियाण्यांच्या नोंदींची माझी जुनी डेटाबेस फाईल नव्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली. पडद्यावर सूचना आली: ही फक्त वाचता येईल, बदल करायचे तर नवी प्रत करा.

भाताच्या प्रत्येक वाणापुढे शोधणारा म्हणून माझं नाव होतं. वर्षानुवर्षं मीही ते नुसतं वाचत आलो होतो. खरं तर ते सगळे वाण गावठी बियाणं जपणाऱ्या हौसाबाईंनी पाड्यापाड्यांतून हिंडून आणलेले. मी फक्त नोंदी टाइप केल्या. नव्या प्रतीत त्यांचं नाव लिहीत गेलो, तरी जीव थाऱ्यावर येईना. शेवटी त्यांनाच फोन केला.

"सगळं दुरुस्त केलं, हौसाबाई. माझ्या जागी तुमचं नाव लावलं. जुनी फाईल आता पुसून टाकतो."

"कशाला, साहेब? राहू दे की. तुम्ही काय केलं होतं, तेही दिसू दे."

पुसायला निघालेलं बोट अजून तसंच अधांतरी आहे.