मंगळाचा उलटा तुकडा

तारांगणाच्या मागच्या शेडमध्ये साचेकाका प्लास्टरचे ग्रह बनवायचे. आयुष्यभर त्यांनी लोकांच्या छतांसाठी प्लास्टरची वेलबुट्टी ओतली. ती फॅशन मागे पडली तेव्हा तारांगणाने त्यांना बोलावलं आणि म्हातारपणी काका एकदम मंगळावर जाऊन पोचले. यानांनी वरून काढलेले फोटो समोर ठेवायचे आणि त्यातली जमीन हातांनी उठवायची, हे त्यांचं काम. माणूस तसा चिडका. प्लास्टरला कुणी बोट लावलं की त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार व्हायचा. पण या खेपेला ते चक्क बोट लावण्यासाठीच नमुना करत होते.

कारण अक्का. काकांची ही थोरली बहीण शाळेत भूगोल शिकवायची. तिची नजर हळूहळू गेली आणि नजरेबरोबर सगळ्या जगाची चौकशी करायची सवयही गेली. आधी ती पेपर वाचून घ्यायची, मग तोही नको झाला. "माझं बघायचं ते बघून झालं, छोट्या," एवढंच म्हणायची आणि खिडकीपाशी बसून राहायची. साठी उलटलेल्या भावाला छोट्या म्हणणारी ती एकटीच उरली होती. तिला असं विझलेलं काकांना बघवेना. तिला पुन्हा काहीतरी जाणून घ्यावंसं वाटलं पाहिजे, असा त्यांनी चंगच बांधला. तारांगणात अंध माणसांसाठी दालन निघणार म्हणताच मंगळाच्या जमिनीचा एक तुकडा घडवायचं काम त्यांनी हट्टाने मागून घेतलं.

काकांची कामाची एक पद्धत होती. फोटोची पांढरी किनार कापून टाकायची, तो फळीवर डकवायचा आणि फळी अशी फिरवायची की फोटोतल्या सावल्या शेडच्या खिडकीतून येणाऱ्या उजेडाशी जुळाव्यात. मग फोटो आणि प्लास्टर शेजारी ठेवून ताडून पाहता येतं. या फोटोत गोल गोल टेकड्या होत्या आणि त्यांच्यामधून डोंगराचा एक नागमोडी कणा गेला होता. काकांनी सावल्या जुळवल्या, त्यांच्या लांबीवरून उंची धरली आणि अगदी जीव ओतून एकेक टेकडी उठवली.

नमुना वाळल्यावर तो मांडीवर घेऊन ते बसने घरी आले. हात लाव म्हटलं असतं तर अक्का नाहीच म्हणाली असती, म्हणून पठ्ठ्याने तो बरोबर तिच्या चहाच्या कपाच्या जागी ठेवला.

अक्काचा हात कपासाठी पुढे आला आणि टेकडीवर पडला.

"हे काय आणून ठेवलंयस?"

"मंगळ आहे. चहा पलीकडे आहे."

तिने हात उचलला नाही. बोटं टेकड्यांवरून फिरली, त्या कण्यावर आली आणि तिथेच घुटमळली. चहा गार होऊन गेला.

"ही डोंगररांग आहे?"

"हो."

"मग ही पाण्यासारखी का चाललीय? कशी वळणं घेतेय बघ. बाजूने बारक्या येऊन मिळतायत, त्यासुद्धा पुढे कलून. मिळाल्या की ही रुंद होतेय. नद्या अशा असतात रे, मी जन्मभर फळ्यावर काढल्यात." तिच्या कपाळाला आठ्या पडल्या. "फोटोत उजेड कुठून येत होता?"

"खिडकीतून," काका म्हणाले, आणि म्हणतानाच त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. खिडकी शेडची होती. मंगळावर सूर्य कुठल्या बाजूला होता ते सांगणारी ओळ कापलेल्या किनारीवर छापलेली होती, आणि किनार केव्हाच केरात गेली होती.

मूग गिळून बसता आलं असतं. अक्काला कोण सांगायला जाणार होतं? पण इतक्या दिवसांनी तिने काहीतरी विचारलं होतं, आणि त्याला खोटं उत्तर द्यायची काकांची छाती होईना. दुसऱ्या दिवशी त्यांनी तारांगणातल्या, ग्रहांच्या जमिनीचा अभ्यास करणाऱ्या मॅडमना गाठलं आणि अक्काची शंका सांगितली.

"काका, उंच नद्याही असतात बरं का मंगळावर," मॅडम म्हणाल्या. "नदीच्या तळाचा गाळ घट्ट होतो, आजूबाजूची मऊ जमीन वारा खाऊन टाकतो, आणि तळच वर उरतो. तेव्हा तुमचं आणि बहिणीचं, दोघांचंही बरोबर असू शकतं."

काकांना जरा हायसं वाटलं. मग मॅडमनी मूळ फोटो काढून सूर्याची दिशा पाहिली. काकांनी फोटो जसा डकवला होता, तसा त्यावर उजेड खालून येत होता. मॅडमनी तो उलटा फिरवला, आणि काकांच्या डोळ्यांदेखत एकेक टेकडी आत बुडून खड्डा झाली आणि कण्याची दरी झाली.

"उजेड वरूनच येतो असं आपण धरून चालतो, म्हणून खड्डे फुगलेले दिसतात," मॅडम म्हणाल्या. "मीही फसलेय यात. हे उल्का आदळून पडलेले खड्डे आहेत, आणि ही नदीची दरी. फार जुनी, कोरडी ठणठणीत."

त्याच नमुन्यावर प्लास्टर ओतून साचा काढावा, म्हणजे उंचाचं आपोआप खोल होईल, असा काकांना मोह झालाच. पण साच्यात डावं-उजवं बदलतं. नदी भलतीकडेच वळली असती. अक्काला एकदा फसवलं तेवढं पुरे झालं, म्हणून त्यांनी सगळं पहिल्यापासून करायचं ठरवलं.

घरी येऊन त्यांनी सांगून टाकलं. "अक्का, मी उलटं केलं. त्या टेकड्या नाहीत, खड्डे आहेत. आणि तुझी नदीच आहे ती." आता ही पुन्हा खिडकीकडे तोंड करून बसणार, ही भीती त्यांना खात होती.

अक्काने जुन्या नमुन्यातल्या कण्यावर बोट टेकवलं. मग म्हणाली, "खोल किती आहे?"

नवा नमुना आला तेव्हा तिने दरीच्या अरुंद तोंडात बोट ठेवलं आणि सावकाश निघाली. मध्येच थांबली. "हा खड्डा नदीच्या ऐन पात्रात पडलाय, आणि याचा काठ शाबूत आहे. म्हणजे पाणी आटल्यावरचा हा." तो काठ काकांनी स्वतः घडवला होता, पण हे त्यांच्या डोक्यातही आलं नव्हतं. बोट पुढे सरकत सरकत नमुन्याच्या कडेशी आलं.

"पुढे कुठे जाते?"

"फोटो तिथेच संपला."

"मग शेजारचा फोटो माग उद्या." बोट तिने कडेवरच ठेवलं होतं. "नको, मीच येते तुझ्याबरोबर. तू परत उलटा करशील."

काकांचे डोळे भरून आले. लपवायची तशी गरज नव्हती, तरी त्यांनी तोंड फिरवलं आणि नाक ओढत म्हणाले, "बस सकाळचीच असते. उशीर केलास तर मी थांबायचा नाही."