साहेब अंघोळीला गेलेत
चंदनाच्या साबणाचा वास आला की मला अजून चीड येते. विद्यापीठाच्या नामांतराचा लढा पेटला तेव्हा आमचे हे नगराध्यक्ष होते, आणि आमदारकीच्या तिकिटापायी त्यांना कुणालाच दुखवायचं नव्हतं. पाठिंबा मागायला भीमनगरातल्या बाया आलेल्या दिसताच हे मोरीत शिरले. नेहमीसारखं मी सांगितलं, "साहेब अंघोळीला गेलेत." त्यांच्यातली एक म्हातारी ओट्यावर टेकली. "होऊ द्या निवांत. आम्ही बसतो." उन्हं चढली, बंबातलं पाणी निवलं. शेवटी आतून हळूच आवाज आला, "गेल्या का?" म्हातारीनंच उत्तर दिलं, "नाय, बसलोय इथंच." आता गारखेड्यातल्या सत्कारात हे सांगतात, "नामांतराच्या लढ्यात मी पहिल्या दिवसापासून होतो," आणि पहिल्या रांगेत बसून मला टाळ्या वाजवाव्या लागतात.