पाठीचं ऐकणारे काका

बेलापुरात आमच्या शेजारचे काका फक्त स्वतःच्या पाठीचं ऐकायचे. बोलता बोलता मध्येच, "थांबा, पाठ कायतरी म्हणती," म्हणायचे आणि ओट्याच्या खांबाला म्हशीसारखी पाठ घासायचे. काकूंचं मात्र त्यांनी कधी ऐकलं नाही.

त्र्याण्णव साली माझ्या लग्नाच्या बैठकीत फेट्याच्या मानावरून नवरदेवाचे मामा उखडले आणि निघायच्या बेतात ताठ बसले. वडिलांचा चेहरा उतरला. तेवढ्यात काका सरळ सतरंजीवर मधोमध आडवे झाले.

"मामा, तुमची पाठ लई वरडती हाय. टेका की जरा."

मामांनी तोंड वाकडं करून लोडाला पाठ टेकली, मग हळूच पाय पसरले. लग्न पक्कं झालं तेव्हा ते चक्क घोरत होते. आई पेढा घेऊन उठवायला गेली.

"झोपू द्या," काका म्हणाले. "पाठीचा होकार आलाय. तोंडाला कशाला इचारता?"