वानखडे मॅडम आणि स्वच्छ वर्तुळ

वानखडे मॅडम कुणाकडेही गेल्या की चहा नाकारत आणि दही मागत. तेही खायला नाही, न्यायला. "घरी लावलेलं असेल तर चमचाभर द्या, विकतचं नको," म्हणत पर्समधून निर्जंतुक बाटली काढत. इंदिरा नगरातल्या आमच्या मराठी बायका हळदीकुंकवाला त्यांच्यासाठी दह्याची वाटी आधीच बाजूला काढून ठेवत.

मॅडम मूळच्या अमरावतीच्या, लखनौच्या एका दुग्ध प्रयोगशाळेत शास्त्रज्ञ. मी त्यांच्या हाताखाली, कराराच्या नोकरीवर. दही लावणारे जिवाणू आसपासच्या जंतूंना मारायला बारीकशी प्रथिनं तयार करतात. असं एखादं जोरकस प्रथिन सापडलं तर दूध-पनीर रसायनांशिवाय टिकेल, हा मॅडमचा ध्यास. "आपण फ्रिज आता काढला पोरी, यांनी आपली सोय केव्हाच करून ठेवलीय," त्या कौतुकाने म्हणत.

तपासणी तशी सोपी. नासवणारे जंतू वाढवलेल्या बशीत दह्यातल्या जिवाणूंचा अर्क सोडायचा. जंतू मेले की तिथे स्वच्छ वर्तुळ दिसतं. पण जंतू नुसत्या आंबटपणानेही मरतात, म्हणून अर्कातलं आम्ल आधी घालवायचं. "वर्तुळ दिसलं म्हणून नाचायचं नाही. आंबटपणा काढलास का, ते सांग," हे मी दिवसातून तीनदा ऐकत असे.

निवृत्तीच्या वर्षी लखनौजवळच्या बख्शी का तालाब गावातल्या एका अम्माच्या दह्याने भलंमोठं वर्तुळ दिलं. मॅडम लहान मुलीसारख्या हरखल्या. त्यांचा निबंध परिषदेत स्वीकारला गेला. पण त्या दह्याची तपासणी केली त्या दिवशी मला आलमबागहून घरची बस गाठायची होती. आम्ल घालवायची पायरी मी गाळली होती, वहीत मात्र केल्याची खूण केली होती.

चार दिवस मी मॅडमना टाळलं. पाचव्या दिवशी सांगून टाकलं. "मॅडम, वो स्टेप मैंने किया ही नहीं था." घाबरले की माझी मराठी पळून जाते.

त्या रागावल्या नाहीत. हात धुतले आणि नवा अर्क करायला घेतला. दोन दिवसांनी बशी उजेडात धरली. वर्तुळ नव्हतं. "नाही," एवढंच म्हणाल्या आणि बराच वेळ चष्मा पुसत राहिल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग मला घेऊन त्या अम्माकडे गेल्या. तिलाही खरं सांगायला हवं, हा त्यांचा हट्ट. अम्मा हसली. "अरे बिटिया, हमने तो दही ही जमाया था. खाकर बताओ, मीठा है कि नहीं?" मॅडमनी ते दही त्या दिवशी पहिल्यांदा खाल्लं. दोन वाट्या.

निवृत्त होऊन त्या अमरावतीला परतल्या. माझा करार आता संपणार, हे मी धरूनच चालले होते. पण तो वाढला. कसा, ते काही महिन्यांनी एका फायलीतून कळलं. निबंध मागे घेताना त्यांनी पाठवलेल्या पत्राची प्रत होती: 'आम्ल घालवण्याची पायरी माझ्या हातून राहून गेली.'

मी कपाटासमोर उभ्या उभ्या रडले. खाडाखोड केलेला आकडासुद्धा ज्यांना खपत नसे, त्या बाईंनी लिहिलेलं हे एवढं एकच खोटं वाक्य. खाली सही, पूर्ण नावाची.